पुढे पळालेली बावीस मिनिटं

जव्हारला आमच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं शिपाई होतो. भिंतीवरच्या घड्याळाला त्या एकतीस वर्षांत माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नाही. सोमवारी चावी द्यायची, रेडिओवर बातम्यांच्या आधी टूं टूं वाजतं त्यावर काटा बसवायचा. शाळा म्हणाल तर साखरशेतला चौथीपर्यंत, तीसुद्धा भात कापणीला आलं की बंद. पण घड्याळ मला कुणी शिकवायला लागलं नाही. साहेब सात-आठ बदलले. प्रत्येकाने मनगटावरचं घड्याळ माझ्या घड्याळावर लावलं.

म्हणून दोन हजार साल उलटल्यावर ऑफिसात तीन कॉम्प्युटर आले, तेव्हा मला आधी खटकली ती त्यांची वेळ. पडद्याच्या कोपऱ्यात नुसते आकडे. काटा नाही, चावी नाही. मी कारकुनाला विचारलं, हे चालतं कशावर? तो म्हणाला, "बाबा, ते आतून चालतं."

आतून चालतं म्हणजे बाहेरच्याला दिसत नाही. आणि जिथं दिसत नाही तिथं गडबड करायला जागा असते. मी त्या दिवसापासून त्या आकड्यांवर डोळा ठेवला, आणि कारकुनावरही.

कारकून तिशीतला, अंगाने काटकुळा, जिभेने तिखट. ऑफिसात त्याला सगळे भाऊसाहेब म्हणायचे. तोंडावर मीही म्हणायचो. कॉम्प्युटरचं सगळं काम त्याच्याकडे. मोठा कॉम्प्युटर आतल्या खोलीत टेबलावर, रात्रंदिवस चालू. तो बंद करायचा नाही, असं बसवणारा सांगून गेला होता. बाकीचे दोन बाहेर. संध्याकाळी सहाला मी खिडक्या लावायचो, पंखे बंद करायचो, फोनची तार काढायचो, कुलूप घालायचो. मोठ्या कॉम्प्युटरला कधी बोट लावलं नाही. सांगितलेलं काम मी सांगितल्यासारखंच केलं.

पावसाळा सरता सरता माझ्या लक्षात आलं की कारकून लवकर पळतो. माझ्या घड्याळात साडेपाच होत नाहीत तोच ह्याची पिशवी खांद्याला. एकदा मी दारात उभा राहिलो.

"भाऊसाहेब, अजून पावणेसहा नाही झाले."

"झाले की. हे बघा." त्याने मनगट पुढे केलं. पाच पन्नास.

"पळतंय ते तुमचं."

"बाबा, मी कॉम्प्युटरवर लावलंय. कॉम्प्युटर चुकत नाही. तुमचं ते डुगडुगणारं काढून भंगारात द्या आता."

मी मनात म्हटलं, ह्याने एसटी पकडायला कॉम्प्युटरची वेळ सरकवून ठेवलीय. जो एसटीसाठी सरकवतो तो आणखी कशासाठीही सरकवेल.

दिवाळीनंतर अंगणवाडी सेविकांची भरती निघाली. त्यात एक जागा वांगणीकडच्या एका पाड्यावरची. त्या पाड्यावर माझ्या बहिणीची थोरली दिलेली. तिचं घर दरवर्षी दिवाळी झाली की दाराला काटी लावून निघायचं, भिवंडीकडे वीटभट्टीवर. नवरा, ती, दोन पोरं. पोरं तिकडे मातीत, इकडे शाळेत नुसतं नाव. पावसाच्या तोंडाला परत. ही भाची दहावी झालेली. सेविकेची जागा मिळाली तर ती आणि पोरं पाड्यावर राहणार होती, तो एकटा भट्टीवर जाणार होता. त्या वर्षी मुकादमाला तिने सांगून टाकलं होतं, निकाल लागेपर्यंत आम्ही गाडीत चढत नाही. मुकादम म्हणाला होता, पंधरा दिवस थांबतो, मग दुसरी जोडी बघतो.

पाड्यावर दहावी झालेल्या दोघीच. ही, आणि आणखी एक. त्या दुसरीचा अर्ज आमच्या कारकुनाने स्वतः बसून भरून दिला होता. मी बघितलं होतं.

शेवटचा दिवस. अर्ज संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. रहिवासी दाखल्यावरची सही तलाठ्याकडून मिळायलाच तिला दुपार झाली. वांगणीकडून येणारी गाडी उशिरा. ती स्टँडपासून धावत आली, पायरीवर चप्पल काढायचीही विसरली. मी घड्याळाकडे बघितलं. पाचाला बारा कमी.

"ये, वेळ आहे," मी म्हटलं.

कारकुनाने अर्ज घेतला, बटणं दाबली, मशीनमधून पावती कुरकुरत बाहेर आली. त्याने पावती बघितली आणि भाचीकडे बघितलं.

"ताई, पाच दहा झालेत."

"बारा कमी आहेत," मी म्हटलं.

"बाबा, पावतीवर छापून आलंय. मी हाताने नाही लिहिलं."

"मग खोडा आणि हाताने लिहा."

"आणि माझी नोकरी तुम्ही करणार का?"

भाचीने पावती घडी करून पदराच्या गाठीत बांधली. तिला स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा म्हणाली, "मामा, तुम्ही होता ना तिथं?" एवढंच.

चार दिवसांनी फलकावर यादी लागली. तिच्या नावापुढे शेरा, मुदतीनंतर प्राप्त. पाड्यावरून एकच अर्ज पात्र. दुसरीचा.

मी सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब नवे होते, वयाने माझ्या मुलाएवढे, पण ऐकून घेणारे.

"साहेब, तो आकडा खोटा आहे."

"कशावरून?"

"माझ्या घड्याळावरून."

"त्याला चावी कोण देतं?"

"मी."

"आणि अर्ज कुणाचा?"

"भाचीचा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

"बाबा, आठ दिवसांत मुलाखती आहेत. काही ठोस असेल तर आणा. भिंतीवरचं घड्याळ मी कागदाला लावू शकत नाही."

पण त्यांच्याही मनात किडा वळवळला असणार. त्यांनी कारकुनाला बोलावून मोठ्या कॉम्प्युटरची वेळ तपासायला सांगितली. कारकुनाने भर दुपारी जिल्ह्याच्या ऑफिसला, ठाण्याला फोन लावून काहीतरी केलं आणि बाहेर येऊन म्हणाला, वेळ जुळवायचा प्रोग्राम आपोआप बंद पडतोय. ठाण्याहून निरोप आला, तो प्रोग्राम जुना झालाय, नवा टाकायला माणूस पाठवतो.

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नवा टाकला की वेळ बरोबर होणार. वेळ बरोबर झाली की ती चूक होती हे कशावरून दाखवायचं? ज्याने सरकवली त्यानेच माणूस बोलावून पुसून घ्यायची व्यवस्था केली, अशी माझी खात्रीच झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिनिअर आला. खांद्याला काळी बॅग, बॅगेत सीडी. मी आतल्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसलो होतो.

"आजोबा, जरा बाजूला व्हा."

"आजोबा तुमच्या घरी. इथं बाबा म्हणतात. आणि आत जायचं नाही."

"मला साहेबांनी बोलावलंय."

"साहेबांना बोलवा मग."

कारकून मागून हसला. "बाबा, त्या डब्यात तुमचं काय पुरलंय?"

"माझं नाही. तुमचं पुरलंय, ते उकरायचंय."

साहेब बाहेर आले. मी उठून उभा राहिलो, पण दार सोडलं नाही. म्हटलं, "साहेब, मला एकच पाहिजे. नवीन टाकायच्या आधी जुन्याने काय काय केलं ते कागदावर काढा. मग खुशाल टाका. नाहीतर मला उचलून बाजूला ठेवा."

मला वाटलं आता ओरडा बसणार. पण इंजिनिअरच म्हणाला, "सर, त्यांचं बरोबर आहे. जुन्या प्रोग्रामची रोजची नोंद असते. आधी बघून घेतलेली बरी."

मी त्याच्याकडेही संशयाने बघितलं. इतक्या लवकर हो म्हणणारा माणूस मला पटत नाही. पण दार सोडलं.

त्याने आधी ठाण्याला फोन लावून तिथली वेळ विचारली, आणि पडद्यावर बोट ठेवलं. आमचा मोठा कॉम्प्युटर बावीस मिनिटं पुढे होता. मी कारकुनाकडे बघितलं. तो आपल्या मनगटाकडे बघत होता.

"सरकवलंय ना कुणीतरी?" मी म्हटलं.

"सरकवलेलं नाही, बाबा. पळालंय." इंजिनिअर शांत माणूस होता, मला समजेल असं सांगत होता. म्हणाला, ह्याच्या पोटातलं घड्याळ रोज सात-आठ सेकंद पुढे धावतं, कुठल्याही घड्याळासारखं. म्हणून हा रोज संध्याकाळी सातला आपला आपण ठाण्याला फोन लावतो, वेळ विचारतो आणि जुळवून घेतो. बाहेरचे दोन ह्याचं बघून जुळवतात. पण सहा महिने ह्याला ठाणं भेटलेलंच नाही. सेकंद साठत गेले.

"मग परवा दुपारी भाऊसाहेबांनी फोन लावला तेव्हा का नाही जुळलं?"

"जुना प्रोग्राम जरा संशयी आहे. फरक थोडा असला तर जुळवतो. सोळा-सतरा मिनिटांच्या वर फरक दिसला तर त्याला वाटतं, सांगणाराच खोटं सांगतोय. मग तो ऐकायचंच बंद करतो."

त्या अख्ख्या पेटीत मला पहिल्यांदा कुणीतरी ओळखीचं वाटलं.

मग त्याने नोंद छापली. लांबच लांब कागद, सगळं इंग्रजी. रोज संध्याकाळी सातची एक ओळ. तो वाचून सांगत गेला: फोन लागला नाही. फोन लागला नाही. फोन लागला नाही. साहेबही वाकून बघायला लागले.

"सातला ऑफिस बंद असतं," मी म्हटलं. "म्हणजे सहाच्या आत कुणीतरी काहीतरी करून जातं. साहेब, मस्टर काढा. फोन ज्या दिवशी लागला असेल त्या दिवशी इथं कोण नव्हतं ते बघा. चोर आपोआप सापडेल."

कारकून पांढरा पडला. "बाबा, आठवडाभर मी ऐकतोय. तुम्ही मला चोर म्हणताय."

"मी नाही म्हणत. मस्टर म्हणेल."

इंजिनिअरने कागद खाली सरकवला. "फोन लागलेला आहे. वैशाखात. ओळीने आठ दिवस. त्यानंतर एकदाही नाही."

साहेबांनी मस्टर उघडलं. बोट खाली खाली नेलं. कारकुनाच्या त्या दिवसांत, रविवार सोडला तर, रोज सह्या होत्या. बोट आणखी खाली गेलं आणि थांबलं. माझ्या नावापुढे सगळीकडे रजा.

त्या आठ दिवसांत मी मोखाड्याकडे होतो. बोहाडा होता, देवांची सोंगं नाचवायचा उत्सव. आमच्या घराकडे एक सोंग आहे, बापापासून चालत आलेलं, ते नाचवायला मी दरवर्षी रजा टाकून जातो. ते आठ दिवस कुलूप कारकुनाने लावलं होतं.

मीच बोललो, कारण मला तोवर कळलं होतं.

"तार," मी म्हटलं. "फोनची तार मी काढतो. रोज."

"का?" साहेब.

मग सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात आमच्या मागच्या आंब्यावर वीज पडली. ती फोनच्या तारेतून आत आली आणि नवाकोरा फॅक्स जळून काळा झाला. तेव्हाचे साहेब मला म्हणाले होते, संध्याकाळी जाताना तार काढत जा. त्यांनी पावसाळ्यापुरतं सांगितलं असेल. मी बारा महिने काढत राहिलो. सकाळी आलो की पहिली परत लावायची. कुणाला कळतही नव्हतं.

"बाबा, तारेजवळ चिठ्ठी लावली होती ना," कारकून म्हणाला. आवाज तिखट नव्हता. "तार काढू नये म्हणून."

"इंग्रजीत होती. मला वाटलं कंपनीचं लेबल आहे."

"मला विचारायचं."

"तुम्हाला?" मी म्हटलं.

साहेब फोन आला म्हणून केबिनमध्ये गेले. इंजिनिअर माझ्या कानाशी आला. "बाबा, नवा टाकला की नवी नोंद सुरू होते. जुनी मी पुसली तर कोण विचारतंय? तुमची एकतीस वर्षं झालीत म्हणे."

भला माणूस होता. पण मला क्षणभर वाटलं, हा मला जोखतोय. आणि खरं सांगायचं तर मीही एक क्षण तो कागद आणि ती तार यांच्याकडे आलटून पालटून बघितलं. कागद राहिला तर भाचीची बारा कमी पाच खरी ठरत होती आणि मी उघडा पडत होतो. कागद गेला तर मी वाचत होतो आणि ती मुकादमाच्या गाडीत.

"पुसायचं नाही," मी म्हटलं. "दोन प्रती काढ."

मग त्याने नवा टाकला. मी स्टुलावर बसून बघत होतो. तो म्हणाला, नवा प्रोग्राम पहिल्यांदा कितीही फरक असला तरी एकदा ऐकतो, आणि एकट्या ठाण्याला नाही विचारत, तिघांना विचारतो. दोघांचं जुळलं की ते खरं धरतो. मी म्हटलं, हे बरं आहे, पंचायतीसारखं. आणि तिघांनी मिळून ठरवून खोटं सांगितलं तर? तो हसला. मी गमतीने विचारलं नव्हतं. पडद्यावरचे आकडे एका क्षणात बावीस मिनिटं मागे आले आणि माझ्या घड्याळाच्या शेजारी येऊन उभे राहिले.

साहेबांनी सगळे कागद बघितले आणि म्हणाले, "बाबा, एवढ्यावर भागत नाही. उद्या दुसऱ्या अर्जदाराचे लोक येऊन म्हणतील, मामाने भाचीसाठी वेळ फिरवली. फोन का लागत नव्हता, तार कुणी काढली, कधीपासून काढली, हे लेखी पाहिजे. तुमच्या सहीने. मग मी तिचा अर्ज मुदतीत धरतो. पण तुमच्या नावाने ठपक्याचं ज्ञापन काढावं लागेल."

"काढा."

"मी लिहून देतो," कारकून म्हणाला. "तुम्ही सांगा, मी लिहितो."

"नको. तुम्ही काय लिहाल ते मला काय माहीत?"

चोर कोण ते ठरल्यावरही माझी जीभ सुधारली नाही. त्याने पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी भाचीला बोलावून घेतलं. पुस्तकांच्या कपाटामागच्या बाकावर बसून ती लिहीत होती, मी सांगत होतो. तार म्हटल्यावर तिचं पेन थांबलं.

"म्हणजे मामा, तुमच्यामुळंच?"

"हो."

"आणि त्या भाऊसाहेबांना मी घरी बसून शिव्या दिल्या."

"मीही दिल्या."

तिने मान खाली घातली आणि पुढे लिहायला लागली. झाल्यावर कागद माझ्यापुढे सरकवला, "सही करा." मी केली नाही. तिच्या हातचं असलं म्हणून काय झालं. मी अक्षरावर बोट ठेवून एकेक शब्द वाचत गेलो. त्यात वेळ गेला. एका ओळीवर बोट थांबलं.

"हे काय? माझ्याकडून चुकून तार काढली गेली?"

"मामा, तसं लिहिलं तर तुमच्यावर फार येणार नाही."

"चुकून काय? चुकून एकदा होतं. मी रोज काढली. खोड ते."

"मामा..."

"मी माझं काम समजून काढली, न चुकता काढली, असं लिही. मला कुणी वेंधळा म्हटलेलं चालणार नाही. आणि चुकून लिहिलं तर ते म्हणतील, एखाद दिवशी निघाली असेल, त्याने बावीस मिनिटं कशी होतील? मग तुझा अर्ज परत बाहेर."

तिने ती ओळ खोडली, वर स्वच्छ लिहिलं, खोडलेल्या ठिकाणी माझी लहान सही घेतली आणि खाली मोठी.

साहेबांनी वाचलं, नोंदीचा कागद त्याला टाचला आणि फलकावरच्या यादीला पुरवणी लावली. पाड्याच्या जागेसाठी आता दोन नावं. भाची पुढच्या आठवड्यात मुलाखतीला आली आणि महिन्याने सेविका म्हणून हजर झाली. त्या वर्षी तिचा नवरा एकटा भट्टीवर गेला. माझं ज्ञापन पुरवणी लागली त्याच दिवशी निघालं. ते मला द्यायचं काम कारकुनाचं. त्याने देताना वहीवर सही घेतली आणि नजर दिली नाही.

माफी मागणं माझ्या तोंडात बसत नाही. लहानपणापासून नाही. मी समोरच्या टपरीवर गेलो, दोन चहा घेतले आणि एक त्याच्या टेबलावर ठेवला. एकतीस वर्षांत मी साहेबांशिवाय कुणाच्या टेबलावर चहा नेऊन ठेवला नव्हता.

त्याने कपाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"कुणी सांगितला?"

"कुणी नाही."

"मग कशाबद्दल?"

"चहाबद्दल काय विचारायचं? प्या."

त्याने कप उचलला, वास घेतला आणि परत खाली ठेवला. "बाबा, आधी तुम्ही प्या."

मी त्याचा कप उचलला, बशीत थोडा ओतला, त्याच्या देखत फुंकर घालून प्यायलो, आणि उरलेला त्याच्यापुढे सरकवला. तरी तो थोडा वेळ थांबला, माझ्याकडे बघत. मग प्यायला.